सड्यावरची राख, पुळणीतली राख

साशंक : वहिनी, केळ्याच्या सालींचं पाणी जास्वंदीला घालायचं आणि पंधरा दिवसांनी कळ्या लागल्या की श्रेय सालींना द्यायचं, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. हे पाणी घालायला तुम्ही सुरुवात करता ते दिवस कुठले? चतुर्थी होऊन गेलेली असते, पाऊस ओसरतो, आभाळ उघडतं, माडाखालीही दोन-चार तास ऊन उतरतं. पूजेसाठी फुलं खुडताना शेंडे मोडलेले असतात, म्हणजे आयती छाटणी झालेली असते. आणि जास्वंदीची कळी धरते ती नव्या फुटीवर. एवढी सगळी कारणं हजर असताना बक्षीस मात्र सालीला. सालीत पोटॅश असतं, मान्य. वाळलेल्या सालीत तर चांगलंच असतं. पण ओल्या सालीचं बहुतेक वजन पाण्याचं, आणि नायट्रोजन तिच्यात नावापुरता. तांदळाच्या धुवणाची आणि कांद्याच्या सालींच्या त्या लालसर पाण्याची गत याहून वेगळी नाही. आपण ज्याला खतांचा राजा म्हणतो त्या चांगल्या कुजलेल्या शेणखतातसुद्धा नायट्रोजन जेमतेम अर्धा टक्का भरतो. युरियाच्या गोणीत ४६ टक्के असतो. मी युरिया घाला म्हणत नाही. बाटलीतल्या पाण्यावर एवढी भिस्त ठेवू नका, इतकंच.

हौशी : भाऊजी, टक्केवारी तुम्ही बरोबर सांगितलीत, पण ती कुठल्या मातीत मोजायची ते सांगितलं नाहीत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली जांभा. त्याची माती लोखंडाने आणि ॲल्युमिनियमने भरलेली, आंबट, आणि पोषण धरून ठेवायला दुबळी. पोटॅश, चुना, मॅग्नेशियम पावसाबरोबर खाली निघून जातात. फॉस्फरस जात नाही, पण लोखंड त्याला असं पकडून बसतं की मुळांना तो असून नसल्यासारखा. या मातीत तुमची ४६ टक्क्यांची गोण रिकामी केली तर मृगाच्या पहिल्या सरींत ती कुठे जाते? विहिरीत, व्हाळात, तिथून खाडीत. मला एकदम पुष्कळ देणारं खत नको. थोडं थोडं देणारं आणि दिलेलं धरून ठेवणारं काहीतरी हवं. कुजलेला पाला ते करतो. कुजताना जी आम्लं तयार होतात ती लोखंडाला गुंतवून ठेवतात, तेवढा फॉस्फरस सुटा राहतो. आणि पोटॅश-मॅग्नेशियम धरायचं जे बळ जांभ्याच्या मातीत नाही ते ह्यूमसमध्ये असतं. गायरीतलं खत आणि चुलीतली राख परड्यातल्या अबोलीला घालणाऱ्या आमच्या सासूबाईंना सेंद्रिय हा शब्द ऐकूनही ठाऊक नव्हता. वळेसराला अबोली कमी पडली तर काय घालायचं, एवढं ठाऊक होतं.

साशंक : पण यात तुम्ही अलगद जागा बदललीत. मी बोलत होतो बाटलीबद्दल, तुम्ही बाजू मांडलीत ती गायरीची. गायरीच्या बाजूने तर मीही उभा राहीन. ह्यूमस, लोखंड, फॉस्फरस यांबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कुजलेल्या खताबद्दल खरं आहे. रात्रभर भिजवलेल्या सालीच्या पाण्यात ह्यूमस कुठून येणार? गायरीचं पुण्य बाटली खाते, ही माझी मूळ तक्रार. आणि गायरीला पुण्य मिळालं तेही श्रद्धेवर नव्हे. इंदूरला होळकरांच्या राज्यात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री होती. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने पुस्तक काढलं. सेंद्रिय शेतीवाले जगभर हॉवर्डचं नाव घेतात. वाडांचं नाव आपल्याकडेही कुणी घेत नाही, ते असो. मुद्दा असा की त्यांनी ढिगाची उष्णता मोजली, ओलावा मोजला, ढीग किती वेळा उलथायचा ते ठरवलं, साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं हे दाखवलं, आणि त्यात नायट्रोजन किती उरतो याचा हिशेब मांडला. या परंपरेचे मूळ पुरुष तराजू घेऊन बसलेले होते. आता आपल्याकडे येते ती फक्त कृती: इतक्या साली, इतकं पाणी, इतके दिवस. तराजू वाटेत कुठेतरी पडला.

हौशी : तराजू पडला हे खरं. पण हॉवर्ड जे शिकला ते कुणाकडून, तेही त्याने लिहून ठेवलं आहे. बिहारात पुशाला असताना भोवतालच्या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना तो आपले शिक्षक मानायचा. आधी पाहणं, मग मोजणं. आपल्याकडे पाहिलेलं पुष्कळ आहे, ते मोजायला कुणी आलं नाही एवढंच. माडाच्या अळ्यात सोडणं पुरायची: ती पावसाचं पाणी धरतात आणि सावकाश कुजत पोटॅश सोडतात. ऐन-किंजळीची कवळ तोडून वाफ्यावर पसरायची. करंजाची, उंडीची पेंड घालायची. तारली उदंड झाली, भाव कोसळला, की उरलेली माडाच्या मुळात जायची. यातली एकही गोष्ट बाटलीत भरलेली नाही, हे मी आधीच कबूल करते. बाटलीचा माझा उपयोग वेगळा आहे. शिळं पाणी फेकायचंच आहे तर ते न्हाणीच्या मोरीत का जाऊ द्यायचं, मोगऱ्याखाली का नको?

साशंक : फेकायचं पाणी मोगऱ्याला घाला, माझं काही म्हणणं नाही. त्याला टॉनिक म्हटलं की मात्र मी उठून बसतो. जीवामृताचंच घ्या. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ते घरोघर पोचवलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. एवढं एका एकराला. आता हिशेब करा. दहा किलो शेणात पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर नायट्रोजन. गोमूत्रात फार तर शंभर. बेसनात सत्तर. सगळं मिळून पाव किलोही भरत नाही, आणि ते एकरभर पसरायचं. हे पाळेकरही नाकारत नाहीत. ते म्हणतात, हे अन्न नव्हेच, हे विरजण आहे; यातले जीवाणू मातीत आधीच असलेलं अन्न मुळांना मिळवून देतात. ठीक. पण विरजण लावायला दूध लागतं. ज्या मातीत सेंद्रिय काही उरलंच नाही, तिथे जीवाणू कशावर जगणार? आणि जिथे पालापाचोळा भरपूर आहे तिथे जीवाणू आपसूक आहेत. ते विकत आणा किंवा घरी वाढवा, कोट्यवधींत आणखी थोडे पडले. दोन्हीकडून बाटलीची गरज संपते.

हौशी : दोन्हीकडून नाही. मधली एक जागा तुम्ही सोडलीत, आणि आमच्यासारख्यांची घरं नेमकी तिथेच आहेत. कुंड्या. जुनी घरं पाडून जिथे अंगणभर फरशी आली, तिथे अनंत आणि मोगरा कुंडीत गेले. कुंडीत पाला पडत नाही, गांडूळ चढत नाही, आणि पावसाळाभर वरून ओतलेलं खालून वाहून जातं. तिथे काय घालायचं? मी जे घालते त्याला बाटलीत भरलं तरी ते सालीच्या पाण्यासारखं पोकळ नाही. बांगड्याची डोकी आणि आतडी, तेवढ्याच वजनाचा गूळ, प्लास्टिकच्या डब्यात, झाकण किंचित सैल, सावलीत. तीन-चार आठवड्यांत मांस विरघळतं, वास उतरतो, काटे तळाला राहतात. गाळून घ्यायचं आणि लिटरभर पाण्यात एक-दोन मिलिलिटर. यात प्रथिनं तुटून तयार झालेला खरा नायट्रोजन आहे, मासळीतला फॉस्फरस आहे. काटे कुंडीच्या तळाला घातले की ते वर्षभर पुरतात. तुमच्या तराजूत हेही तोला.

साशंक : तोलतो. मासळीत सत्त्व आहे यात वादच नाही. मासळीचं कूट हे मान्यताप्राप्त खत आहे. पण मासळीबरोबर आणखी एक वस्तू येते, तिचं नाव कुणी घेत नाही. मीठ. ताजी मासळी धुतलेलं पाणी चालेल. सुके बांगडे भिजवलेलं पाणी, खारवलेल्या मासळीचं पाणी तेच समजून अनंताखाली ओतलं, तर पानांच्या कडा करपणार. एप्रिल-मेमध्ये देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, विहिरीचं पाणी आधीच मचूळ होतं. त्यात ही भर. जून उजाडला की पाऊस मीठ धुऊन नेतो, म्हणून आपल्याला वाटतं काही बिघडलं नाही. कुंडीत बिघडतं. आणि मीठ तरी जिभेला कळतं. राखेचं तेवढंही नाही.

हौशी : राखेला काय झालं? आंबट मातीवर राख, यासारखं सरळ औषध नाही. तिच्यात पोटॅश आहे, चुना आहे, मातीचा आंबटपणा ती उतरवते.

साशंक : कुठल्या मातीचा? हाच माझा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. कुंभारमाठच्या सड्यावरचं घर घ्या. खाली जांभा, माती आंबट, लोखंड वारेमाप. तिथे राख घातली, अंड्याची टरफलं घातली, तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घातल्या, तरी चांगलंच होणार. आता वायरी-तारकर्लीकडे उतरा. घर पुळणीवर. वाळूत शिंपल्यांचा चुरा पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेला. म्हणजे चुना तिथे मुळातच जास्त, माती आंबट नाहीच. अशा ठिकाणी अनंत किंवा पेंटगूळ लावली की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोखंड अगदीच नसतं असं नाही, पण अशा मातीत ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना मिळत नाही. आता घरची बाई काय करते? पान पिवळं दिसलं, म्हणजे झाड उपाशी. आणखी राख. आणखी टरफलं. जे कमी करायला हवं तेच ती वाढवते, झाड आणखी पिवळं होतं, आणि दोष जातो नजर लागण्याला नाहीतर रोपवाटिकेला. दोन घरांमध्ये काही किलोमीटरांचं अंतर, दोघी एकाच शाळेत शिकलेल्या, कृती एकच. एकीच्या झाडाला ती औषध होते, दुसरीच्या झाडाला विष. म्हणून म्हणतो, जागा न विचारता सांगितलेलं खत ही नुसती अफवा असते.

(साशंकाचा हा मुद्दा या सगळ्या बोलण्यात वरचढ आहे, असं लिहिणाऱ्याला वाटतं. मालवण तालुक्यात किनारा आणि सडा यांच्यामध्ये माती जितक्या भरकन बदलते तितकी घाटावर कोसच्या कोस चालूनही बदलत नाही.)

हौशी : मग हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला, भाऊजी. दुकानातली एकोणीस-एकोणीस-एकोणीसची पिशवी तरी जागा विचारते का? ती देवबागात आणि कुंभारमाठात सारखीच. घरी खत करणाऱ्या बाईचं घर तरी एकाच ठिकाणी आहे. कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठल्या भिंतीचा चुना खाली गळतो, कुठे जुनी न्हाणी होती, हे तिला माहीत असतं. तिला मातीचा आंबटपणा मोजता येत नसेल, पण तो मोजणं अवघड नाही. कृषी खात्याने २०१५ पासून मातीच्या आरोग्यपत्रिका काढल्या. त्या सातबाऱ्यावरच्या शेताच्या निघतात. परड्यातल्या चार जास्वंदींची पत्रिका कुणी काढत नाही. पण बाईने खिशातून पैसे घालून माती तपासून घेतली, तर ते आकडे वापरायला तिच्याइतकं योग्य कोण? कृती चुकीची असेल. हात चुकीचा नाही.

साशंक : हात चुकीचा नाही, मान्य. मग घरचं या दाव्याकडे येऊ. तुमची केळी कुठली?

हौशी : काही परड्यातली गावठी. बाकी बाजारातली.

साशंक : बाजारातली म्हणजे घाटावरून किंवा थेट जळगावकडून आलेली. तिथे केळीला ठिबकमधून विरघळणारी खतं देतात आणि पोटॅश भरपूर देतात, कारण केळ हे पोटॅशखाऊ पीक. ते पोटॅश आपल्या देशात जवळजवळ निघतच नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल इथून येतं. म्हणजे कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या खाणीतलं पोटॅश जहाजाने आलं, खानदेशात केळीने खाल्लं, ट्रकने घाट उतरून मालवणच्या बाजारात आलं, आणि तुम्ही त्याला घरचं नैसर्गिक खत म्हणून जास्वंदीला पाजलंत. कांद्याच्या सालींचं तसंच, चहाच्या चोथ्याचंही. शेणाबद्दल बोलायलाच नको. गोठे रिकामे झाले, आता आंबा बागायतदार घाटावरून शेणखताचे ट्रक मागवतो, आणि ते शेण ज्या उसाच्या वाढ्यांचं झालेलं असतं तो ऊस युरियावर पोसलेला. रासायनिक आणि नैसर्गिक यांच्यामधली रेघ तुम्ही परड्याच्या गडग्यावर मारता. ती तिथे नाही. खत तेच, फक्त दुसऱ्यांदा वापरलेलं.

हौशी : असेल. पण मग दुसऱ्यांदा वापरणं हाच माझा दावा, आणि तो लहान नाही. सस्कॅचेवानहून इतक्या लांब आलेलं पोटॅश नगरपालिकेच्या गाडीतून कचऱ्याच्या ढिगावर गेलं तर ते कुणाचंच नाही. त्या ढिगावरून ते पावसाबरोबर खाडीत जाणार. मी ते वाटेत अडवते. नैसर्गिक हा शब्द हवा तर काढून टाका, मला त्याचं प्रेम नाही. पण तुमच्या या हिशेबात एक वस्तू बसत नाही. मासळी. ती घाटावरून येत नाही. पावसात आपल्या डोंगरांवरचं, शेतांतलं सत्त्व गड नदीतून, कर्लीतून समुद्रात जातं. त्यावर समुद्रात सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर तारली, तारलीवर सुरमई. रापण ओढली की त्यातलं काही परत किनाऱ्यावर येतं, आणि डोकं, आतडी, काटे यांच्या रूपाने माझ्या अनंताखाली. जमिनीने समुद्राला दिलेलं परत आणायचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. पेरूच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपने ते खणून आपल्या शेतांत घातले. तेही समुद्रातून परत आलेलं सत्त्वच होतं. तिथे ते पक्ष्यांनी आणलं. इथे कोळणीच्या पाटीतून येतं.

साशंक : हे सुरेख आहे, आणि बरंचसं खरंही. पण त्या पेरूच्या बेटांचं पुढे काय झालं? काही दशकांत ती खरवडून संपली. आपल्याकडे तारली उदंड झाली की माडाच्या मुळात जायची, असं तुम्ही मघाशी म्हणालात. आता ती जात नाही, कारण तारलीला दुसरं गिऱ्हाईक आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तिचं कूट आणि तेल काढणारे कारखाने आहेत, ते कूट कोळंबी-मत्स्यशेतीच्या खाद्यात जातं. आणि पर्ससीनवाले विरुद्ध पारंपरिक मच्छीमार हे भांडण मालवणात कशावरून पेटलेलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे समुद्रातून परत येणारं आता कमी, आणि त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. डोकी-आतडी वापरा, खुशाल वापरा. पण त्यावरून मासळीखताची टूम निघाली, शहरांतल्या गच्च्यांवरून मागणी आली, डब्यांवर मालवणी असं छापून विकायला लागले, तर तुमचं हे सुरेख वर्तुळ म्हणजे आणखी एक कारखाना होईल. घरचं खत घरापुरतं असतं तोवरच ते चांगलं. वाढलं की त्याचा गुण जातो.

हौशी : घरापुरतंच म्हणते मी.

साशंक : मग घरापुरतं बोलू, आणि मुळावर येऊ. तुम्ही खाऊ घालता ते फुलांसाठी. फुलं खाण्याने येतात हे कुणी सांगितलं? इथला हापूस बागायतदार कल्टार घालतो, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती. त्याने झाडाला अन्न मिळत नाही. झाडाची वाढ आखडते, आणि वाढ आखडली की मोहोर येतो. मोगऱ्याचं शास्त्र जुन्या माळ्यांना ठाऊक होतं: पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, छाटायचं, आणि मग पाणी-खत. फूल हे पुष्कळदा झाडाच्या अडचणीचं लक्षण असतं. सुरंगीला कोण खत घालतं? वेंगुर्ल्याकडे आसोलीला जाऊन बघा. उन्हाळ्याच्या तोंडाला, पाण्याचा थेंब न पडलेल्या दिवसांत, जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस लागतात. त्या कळ्या उमलायच्या आत पहाटे काढाव्या लागतात, आणि अबोलीपेक्षा, मोगऱ्यापेक्षा तिचा भाव जास्त. पोटभर खाऊ घातलेली जास्वंद पानं टाकत सुटते, आणि लुसलुशीत शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसतो. आणि कृपा करून असं म्हणू नका की खत निमित्त, खरं खत म्हणजे माणसाचं लक्ष.

हौशी : छे. ते दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर शोभतं. माझं लक्ष नसलं तरी मासळीतला नायट्रोजन मासळीतच असतो. पण सुरंगीचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. सुरंगीखाली झाडतं कोण? ती राईत उभी, नाहीतर बांधावर. तिचा पातेरा तिच्याच मुळाशी पडतो, तिथेच कुजतो. तिची मुळं खोल गेलेली, आणि झाड कुणाच्या तरी आज्याने बघितलेलं. माझी जास्वंद खळ्याच्या कडेला आहे. रोज सकाळी मी खळं झाडते, पातेरा गोळा होतो, आणि बहुतेक घरांत तो जाळतात. म्हणजे झाडाने पानांत साठवलेलं जे परत मातीत जायचं, ते रोज केरसुणीने उचललं जातं. सुरंगीला खत लागत नाही कारण तिचं कुणी काही नेत नाही. आपण तिच्या फक्त कळ्या नेतो. जास्वंदीची फुलंही नेतो आणि पानंही. मी जे घालते ते खाऊ घालणं नव्हे, फेडणं आहे.

साशंक : म्हणजे झाडणं थांबवलं तर खत लागणार नाही! यापरतं स्वस्त काय? पातेरा हातभर थर करून मुळाशी राहू द्या. उन्हाळ्यात ओल टिकेल, पावसात मातीवर सरींचा मार बसणार नाही, कुजेल तसं सत्त्व मिळेल. बाटली नको, डबा नको, गूळ नको.

हौशी : आणि फुरसं? जांभ्याच्या गडग्याला लागून हातभर पातेरा म्हणजे त्याला घातलेलं अंथरूण. पहाटे फुलं काढायला मी अनवाणी जाते, तुम्ही नाही जात. खळं झाडून सारवून लख्ख ठेवायची रीत नुसत्या नीटनेटकेपणाची नाही; जिथे पाय पडतो तिथे जमीन दिसली पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. म्हणून पाला एका बाजूला गायरीत न्यायचा, तिथे कुजवायचा, आणि खत होऊन परत आणायचा. तुम्ही म्हणता ते जंगलाला जमतं, दारासमोर जमत नाही. माझं घरचं खत म्हणजे जंगल आपोआप करतं ते लांबच्या वाटेने, हाताने करणं. त्या लांबच्या वाटेवर काही बाटल्याही येतात, त्यांतल्या काही तुमच्या म्हणण्याप्रमाणे पोकळ. पण कुठल्या पोकळ आणि कुठल्या नाहीत हे ठरवायला वाडांसारखं कुणी माझ्या परड्यात आलेलं नाही.

साशंक : तुम्हीच या. एकाच जास्वंदीच्या फांद्या लावा, सारखी उंची, सारखं ऊन. निम्म्यांना तुमचं सगळं, निम्म्यांना नुसतं पाणी. फुलं मोजा.

हौशी : नुसतं पाणी कुठलं आणू? विहिरीच्या पाण्यात चुना आहे, उन्हाळ्यात मीठ आहे. वर फणस आहे, त्याचा पाला निम्म्यांवर जास्त पडणार. गडग्यापलीकडे शेजारणीची गायरी आहे, पावसात ती माझ्याकडे वाहते. आणि समजा हे सगळं जमलं, तरी फुलं मोजायची कधी? एका मोसमात म्हणाल तर तुमचं एकोणीस-एकोणीस जिंकेल, आत्ताच सांगते. मी म्हणते मोजायची असेल तर माती मोजा, दहा वर्षांनी. तिच्यात बोट किती जातं, पाणी किती धरते, गांडूळ आहे की नाही.

साशंक : दहा वर्षांनी जे कळणार ते आज कुणाला खोटं पाडता येत नाही. असला दावा मला कायम संशयास्पद वाटतो. टॉनिकवालेही तेच म्हणतात.

हौशी : आणि एका मोसमात जे कळतं तेवढंच खरं, असं खतवाले म्हणतात. त्यांनाही तोच प्रश्न विचारा की.

साशंक : विचारतो. मधलं काही ठरवा मग. तीन पावसाळे. आधी माती तपासायची, शेवटी पुन्हा तपासायची, आणि फुलं दरवर्षी मोजायची. तुम्ही फुलांवर हरलात आणि मातीवर जिंकलात तर काय समजायचं ते आत्ताच लिहून ठेवू, नंतर भांडण नको.

हौशी : तेच तर ठरत नाहीये ना? मातीवर मी जिंकले तर तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्हाला हवी होती ती फुलं. आणि फुलांवर मी जिंकले तर म्हणाल, छाटणी.

साशंक : म्हणेन बहुतेक. तोवर एवढं करा, त्या पुळणीतल्या अनंताला राख घालू नका.

हौशी : ती कधीच बंद केली. आता चहाचा चोथा घालते, माती आंबट व्हायला.

साशंक : वापरलेल्या चोथ्याने माती आंबट होते, हीसुद्धा ऐकीवच गोष्ट. आंबटपणा बराचसा तुम्ही प्यालेल्या चहात गेलेला असतो. आणि त्यातली साखर धुता का?

हौशी : धुते.

साशंक : नाही धुतलीत तर मुंग्या येतात, मुंग्यांमागोमाग पिठ्या ढेकूण.

हौशी : धुते म्हटलं ना, भाऊजी.